कॅलेंडरमधला चंद्रोदय आणि आमच्या गच्चीवरचा चंद्र : एका होमस्कूलिंग घराचं वर्षभराचं आकाश

आधी घरची पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही पुण्यात राहतो, वर सोसायटीची गच्ची आहे, पूर्वेला समोर दुसरी सोसायटी आहे आणि तिच्या उजवीकडे एक उंच टॉवर. घरात मी, नवरा, सासूबाई, बारा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, थोरली पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, दहावी देईल असं सध्या ठरलंय. खगोलशास्त्र आम्हा नवराबायकोला शाळेत होतं तेवढंच, ग्रहांची नावं आणि ग्रहणाची आकृती. थोरलीला मात्र व्हिडिओ बघून बघून कृष्णविवर, न्यूट्रॉन तारे, सगळं माहीत, तासभर बोलेल. पण आज चंद्र कुठल्या बाजूने आणि साधारण किती वाजता उगवेल असं विचारलं की ती गप्प, आणि खरं तर तिच्या वयाची बहुतेक सगळीच मुलं गप्प होतील कारण आकाश हा विषय हल्ली पडद्यावरच शिकवला जातो.

हे जे लिहितेय ते एकाच प्रश्नाबद्दल आहे. २०२५ च्या जानेवारीत तो घरात आला आणि अजून पूर्ण संपलेला नाही. होमस्कूलिंगवाल्या बऱ्याच पालकांना अ‍ॅस्ट्रॉनॉमीची सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, टेलिस्कोप कुठला घेऊ हाच पहिला प्रश्न असतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रश्न कुठून आला

सासूबाई संकष्टी करतात. दिवसभर उपास, रात्री चंद्र बघून नैवेद्य आणि मग जेवण. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ असते आणि मागच्या पानावर वेगवेगळ्या गावांच्या वेळा दिलेल्या असतात. जानेवारीच्या संकष्टीला धाकटा वेळेवर गच्चीवर गेला, चंद्र नाही, खाली आला, परत गेला, तरी नाही. मग आजीला येऊन म्हणाला, कॅलेंडर चुकलंय. सासूबाई म्हणाल्या, "अरे कॅलेंडर कसं चुकेल, समोरची बिल्डिंग आड आली असेल, थांब थोडं." थोरली तिथेच बसली होती, तिने विचारलं, मग किती वेळ थांबायचं? बिल्डिंग आड येते म्हणजे नक्की किती मिनिटं आड येते?

मला वाटतं घरी शिकवण्याची खरी जागा हीच. यातलं काही आम्ही ठरवलेलं नव्हतं. प्रश्न खरा होता, उत्तराची घरातल्या एका भुकेल्या माणसाला खरंच गरज होती आणि उत्तर दर महिन्याला तपासता येणार होतं, तेही फुकट. आम्ही फक्त दोन नियम केले. गच्चीवर जाण्याआधी आपला अंदाज वेळेसकट वहीत लिहायचा, आणि मोबाईलवरचं स्टेलेरियम, म्हणजे ताऱ्यांची नावं आणि जागा दाखवणारं अ‍ॅप, अंदाज लिहून झाल्यावरच उघडायचं. दुसऱ्या नियमाबद्दल मी फार आग्रही आहे. अ‍ॅप उत्तम आहे, आम्हीही भरपूर वापरलं, पण आधी उघडलं की मूल आकाशाकडे बघतच नाही, फोन वर धरून स्क्रीनकडे बघतं आणि नाव वाचून झालं की विषय संपतो.

मूठ, स्ट्रॉ आणि अकरा अंश

कॅलेंडरमधली वेळ म्हणजे पूर्वेचं क्षितिज सपाट, मोकळं आहे असं धरून काढलेली वेळ. समुद्रावर असतं तसं. पुण्यात ते कुणाच्याच नशिबी नाही, डोंगर तरी असतात नाहीतर बिल्डिंगा. म्हणजे पहिलं काम, समोरची बिल्डिंग आकाशाचा किती भाग अडवते ते मोजणं, आणि ते फुटात नाही तर अंशात मोजायचं, हे मुलांना पटायला थोडा वेळ गेला. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. मुलांची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जवळपास तोच येतो, क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत मुठीवर मूठ ठेवत गेलं की साधारण नऊ मुठी भरतात, ही खातरजमा धाकट्याने पुन्हा पुन्हा केली. पूर्ण चंद्र केवढा दिसतो तर फक्त अर्धा अंश, म्हणजे करंगळीच्या आड आरामात लपतो, यावर घरात कुणाचाच विश्वास बसला नव्हता, सासूबाईंचाही नाही, त्यांनी स्वतः करून बघितलं.

मग कोनमापक, त्याच्या मध्यातून दोरा, दोऱ्याला नट बांधलेला आणि वरच्या कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, असं यंत्र केलं. स्ट्रॉमधून समोरच्या बिल्डिंगची वरची कड बघायची आणि दोरा कुठे येतो ते दुसऱ्याने वाचायचं (हे दोघांचंच काम आहे, एकट्याने नीट होत नाही, आणि भावंडं त्यामुळे भांडत का होईना पण एकत्र काम करतात). आकडा आला ११ अंश. याच यंत्राने सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, हे आधीच बजावून ठेवलं होतं.

पुढचं गणित थोरलीने स्वतः मांडलं. आकाश २४ तासांत ३६० अंश फिरतं म्हणजे तासाला १५, म्हणून ११ अंशांना ४४ मिनिटं. फेब्रुवारीच्या संकष्टीला कॅलेंडरच्या वेळेत ४४ मिळवून वहीत वेळ लिहिली. त्या वेळेला चंद्र आला नाही, त्यानंतर चार-पाच मिनिटांनी आला. धाकटा खूश, कारण एवढ्या जवळ आलं, थोरली मात्र अस्वस्थ. चार-पाच मिनिटं कुठून आली?

इथे आम्ही बरेच दिवस थांबलो आणि मला वाटतं वर्षातला सगळ्यात चांगला अभ्यास या चार-पाच मिनिटांनी करून घेतला. शाळेच्या तासात उत्तर जवळपास बरोबर आलं असतं तर पुढचा धडा सुरू झाला असता. आम्हाला घाई नव्हती.

एक कारण मोजण्यातच होतं, स्ट्रॉचं यंत्र अर्धा-एक अंश इकडे तिकडे दाखवणारच, आणि एक अंश म्हणजे चार मिनिटं. ही गोष्ट थोरलीने लगेच मान्य केली पण म्हणाली की चूक असेल तर ती इकडे किंवा तिकडे कुठेही पडू शकते, मग उशीरच का झाला? मग दुसरं कारण सापडलं. चंद्र स्वतः पृथ्वीभोवती फिरतो, ताऱ्यांच्या तुलनेत रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे तासाला अर्धा अंश, स्वतःच्या रुंदीएवढा. सगळं आकाश पश्चिमेकडे चाललंय आणि चंद्र त्यात हळूहळू उलटा चालतोय, धावत्या गाडीच्या डब्यात मागच्या दिशेने चालणाऱ्या माणसासारखा. म्हणून त्याचा वेग तासाला १५ नाही, साडेचौदा. आणि तिसरं कारण सगळ्यात सुंदर, पुण्यात चंद्र सरळ उभा वर चढत नाही, तिरका चढतो. विषुववृत्तावर पूर्वेला उगवलेली गोष्ट सरळ वर जाते, आपण साडेअठरा अंश उत्तरेला आहोत म्हणून आपल्याकडे ती तेवढीच उजवीकडे, दक्षिणेकडे कललेली असते. तिरकं चढायचं म्हणजे ११ अंश उंची गाठायला ११ पेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. थोरलीला अजून त्रिकोणमिती येत नाही, तिने आलेखाच्या कागदावर स्केल ड्रॉइंग काढून मोजलं आणि उत्तर आलं ४८ मिनिटं. मार्चमध्ये ते लागू पडलं.

त्याच आठवड्यात तिने विचारलं, आपण साडेअठरा अंशांवर आहोत हे पुस्तकात दिलंय पण आपल्याला घरून कसं कळणार. मग उत्तरेला ध्रुवतारा शोधला. पुण्याच्या आकाशात तो मंद आणि खाली असतो, सप्तर्षींच्या पहिल्या दोन ताऱ्यांची रेघ पुढे वाढवून गाठावा लागतो, स्ट्रॉमधून त्याची उंची मोजली तर १९ च्या आसपास आली. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे वाक्य मी स्वतः भूगोलात पाठ केलेलं आहे. ते मोजता येतं हे चाळिशीत कळलं आणि मला त्याचा फार आनंद झाला.

नागपूरची आत्या

मुलांची आत्या नागपूरला असते. कॅलेंडरच्या मागच्या पानावर मुंबई आणि नागपूरच्या चंद्रोदयात बराच फरक दिसत होता, म्हणून नवऱ्याने हा भाग हातात घेतला. आकडे जुळवणं हे त्याचं रोजचंच काम. मुंबई साधारण ७२.९ रेखांशावर, नागपूर ७९.१ वर, फरक ६.२ अंशांचा, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे नागपूरला चंद्र साधारण २५ मिनिटं आधी उगवायला हवा. हे बरोबर आलं, पण सरासरीने. कॅलेंडरमध्ये वर्षभराच्या सगळ्या संकष्ट्या जानेवारीतच छापलेल्या असतात, तेव्हा त्याने आणि थोरलीने दोन्ही गावांच्या वेळांमधला फरक महिन्यागणिक आलेखावर काढला. सरळ रेघ यायला हवी होती, आली लाट. मे महिन्याच्या आसपास फरक वीस-एकवीस मिनिटांवर उतरतो आणि नोव्हेंबरच्या आसपास अर्ध्या तासापर्यंत जातो.

दोन्ही गावं जागच्या जागी आहेत, मग फरक बदलतो कसा? नवऱ्याला आधी छपाईची चूक वाटली, पण लाट इतकी गुळगुळीत होती की चूक म्हणणं शक्यच नव्हतं. उत्तर सूर्याकडून मिळालं. जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो आणि आपण जितकं उत्तरेला जाऊ तितका दिवस मोठा, दिल्लीचा जूनमधला दिवस पुण्यापेक्षा मोठा, हे मुलांना माहीत होतं. चंद्राचंही तसंच. चंद्र उत्तरेला असेल तेव्हा उत्तरेकडच्या गावात तो जास्त वेळ आकाशात राहतो, म्हणजे आधी उगवतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला तर आहेच पण दोनेक अंश उत्तरेलाही आहे. नोव्हेंबरच्या संकष्टीचा चंद्र आपल्या उत्तरेच्या टोकाजवळ असतो, म्हणून तिथल्या पाचेक मिनिटांची भर पडते, मेच्या संकष्टीचा चंद्र दक्षिणेच्या टोकाजवळ, तेव्हा तेवढीच वजा होतात. एका लाटेत रेखांश आणि अक्षांश दोन्ही. मला विचाराल तर भूगोलाचा अख्खा धडा त्या आलेखात आहे.

एका संकष्टीला आत्याला व्हिडिओ कॉल केला. तिच्या गच्चीवरून पूर्वेला बऱ्यापैकी मोकळं आहे, तिने चंद्र दाखवला आणि आमच्याकडे पूर्वेला अजून काहीच नव्हतं. धाकट्याने लगेच विचारलं, "आजी, तू आत्याचा चंद्र बघून जेवलीस तर चालेल का गं?" सासूबाई म्हणाल्या, "नाही बाळा, आपण जिथे असतो तिथला चंद्र बघायचा." यावर थोरली म्हणाली की म्हणजे घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे पण चंद्र ज्याच्या त्याच्या गावचा आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह सरासरी साडेबाराच्या पुढे होते. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा गच्चीवर उभं केलेल्या पाइपाची सावली १२ वाजता नाही तर १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास नाहीशी झाली आणि ते का झालं हे सांगायला मला तोंड उघडावं लागलं नाही.

आजीची नक्षत्रं

हा भाग सगळ्यात जास्त रंगला आणि तो आमच्या डोक्यात अजिबात नव्हता.

सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं. पावसाची नक्षत्रं त्यांना घडाघडा येतात, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. पडल्या स्वाती तर पिकतील मोती, असलं सगळं. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर त्या म्हणाल्या, मृग लागला. धाकटा हिवाळ्यात मृग नक्षत्र ओळखायला शिकला होता, चार कोपऱ्यांचे चार तारे, मधले तीन एका रेषेत, खाली लखलखीत व्याध, त्यामुळे तो त्या रात्री मृग शोधायला वर गेला. ढगात एक मोठी फट होती पण मृग कुठेच नाही, ना संध्याकाळी ना मध्यरात्री. त्याने आजीला जाब विचारला, लागला म्हणतेस आणि दिसत तर नाही!

उत्तर शोधायला दोन दिवस गेले आणि ते थोरलीने दिलं. शेतकऱ्याची नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य वर्षभरात सगळ्या २७ नक्षत्रांतून जातो, एकेका नक्षत्रात साडेतेरा दिवस, जूनच्या ७-८ तारखेला तो मृगात शिरतो. सूर्यच तिथे म्हणजे मृग दिवसा डोक्यावर आहे, उजेडात बुडालेला. मृग लागला म्हणजेच मृग दिसेनासा झाला. आणि कॅलेंडरच्या रोजच्या चौकोनात जे नक्षत्र लिहिलेलं असतं ते चंद्राचं, चंद्र २७.३ दिवसांत फेरी पूर्ण करतो म्हणून रोज साधारण एक नक्षत्र. सासूबाईंना दोन्ही हिशोब आयुष्यभर माहीत होते, दोन्ही वापरत होत्या, पण ते एकाच वाटेवरून चालणाऱ्या दोघांचे आहेत हे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी धाकट्याला समोर बसवून सत्तावीसही नावं शिकवली.

मग महिन्यांची नावंही उलगडली. चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, वैशाखात विशाखेजवळ, कार्तिकात कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, माघात मघेजवळ. पावसाच्या नक्षत्रांची वाहनं असतात, बेडूक, कोल्हा, उंदीर वगैरे, त्यावरून पाऊस किती पडणार ते सांगतात, तर त्याचं काय करायचं असा प्रश्न आला. सूर्य मृगात कधी शिरतो ते मोजून तपासता येतं आणि वाहनावरून पाऊस कसा ठरेल त्याची यंत्रणा काही सांगता येत नाही, म्हणून थोरलीने वाहनांना वहीत वेगळं पान दिलं, आजीच्या आठवणी म्हणून. सासूबाईंना ते चाललं. घरात श्रद्धा आणि तपासणी दोन्ही असतील तर असं पान वेगळं करणं मला योग्य वाटतं, मूल दोन्हींचा मान ठेवायला शिकतं आणि दोन्हींची गल्लतही करत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आकाश बंद. ऑगस्टमधली अंगारकी ढगातच गेली, सासूबाई कॅलेंडरच्या वेळेवर जेवल्या. हे चार महिने आम्ही घरात काढले, अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि हातात चेंडू. स्वतःभोवती हळूहळू फिरत चेंडूच्या कला बघायच्या. गणेश चतुर्थीचा चंद्र संध्याकाळी पश्चिमेला असतो आणि लवकर मावळतो, संकष्टीचा मात्र रात्री उशिरा पूर्वेला उगवतो, दोन्ही चतुर्थ्याच, मग असं का? धाकट्याला ते चेंडूने कळलं, एक अमावास्येनंतरची चौथी तिथी, दुसरी पौर्णिमेनंतरची. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, तीस तिथ्यांचे ३६० अंश. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार म्हणून तो कधी जोरात कधी हळू जातो, १२ अंश कापायला त्याला कधी १९-२० तास लागतात तर कधी २६, म्हणून तिथीचा क्षय आणि वृद्धी. हे मी स्वतः पहिल्यांदाच नीट समजून घेतलं.

७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटं पूर्ण ग्रासलेला चंद्र. ढग येत जात होते. तांबूस चंद्र तुकड्या तुकड्यानेच मिळाला पण जेवढा मिळाला तेवढ्यावर दोघं नाचली. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, याला चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली असते हे उत्तर चेंडूवर आधीच झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उठली सगळी. घरी शिकण्याची ही एक साधी सोय आहे, खगोलशास्त्राचा तास रात्रीच असतो आणि शाळा सकाळची असते.

चंद्र सूर्याच्या पुढे जातो

जानेवारीत संक्रांतीच्या निमित्ताने आम्ही गच्चीच्या कठड्यावर सूर्योदयाच्या जागांच्या खडूच्या खुणा केल्या होत्या, एका ठरलेल्या जागी उभं राहून. त्या वेळी सूर्य दक्षिणेच्या टोकाजवळच असतो, पूर्वेपासून उजवीकडे जवळजवळ अडीच मुठी. मेच्या संकष्टीला, कॅलेंडरची वेळ रात्री दहाच्या पुढची, चंद्र त्या खुणेच्याही उजवीकडे आला, टॉवरमागून, आणि थोरलीचं ४८ मिनिटांचं गणित साफ कोसळलं कारण टॉवर समोरच्या बिल्डिंगपेक्षा बराच उंच. त्यावर उपाय म्हणून तिने अख्ख्या पूर्व क्षितिजाचा नकाशा केला, दर अर्ध्या मुठीला बिल्डिंगची उंची किती, एका लांब चार्टपेपरवर. आता चंद्र कुठे उगवणार ते कळलं की किती मिनिटं उशीर ते त्या कागदावरून काढता येतं.

पण चंद्र सूर्याच्या खुणेपलीकडे गेलाच कसा? पुन्हा तेच ५ अंश. सूर्य साडेतेवीस अंशांपलीकडे जात नाही, चंद्राची वाट त्याहून ५ अंशांनी कललेली, आणि तो कल १८.६ वर्षांत एक चक्कर मारतो. काही वर्षी चंद्र सूर्याच्या हद्दीच्या आतच राहतो, काही वर्षी बाहेर साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातो. २०२४-२५ हीच ती टोकाची वर्षं होती. आम्ही मोजायला घेतलं त्या वर्षी चंद्राने हे करावं हा निव्वळ योग. नोव्हेंबरच्या संकष्टीला तो उत्तरेकडे पूर्वेपासून तीन मुठी उगवला, सूर्य कधीही जात नाही तिथून, आणि कॅलेंडरमधली वेळही साडेआठ-पावणेनऊच्या घरात. मेपेक्षा दीड-दोन तास लवकर, सासूबाईंना ही गोष्ट अनुभवाने माहीत होती की दिवाळीच्या आसपासच्या संकष्ट्या सोप्या जातात. कारण दुहेरी आहे, सूर्यास्त तेव्हा लवकर होतो, आणि शरदात पौर्णिमेनंतर चंद्र रोज उत्तरेकडे सरकत असतो म्हणून त्याचा रोजचा उशीर, जो सरासरी ५० मिनिटांचा असतो, तो चाळिसाच्या आसपास राहतो.

डिसेंबरात अमावास्येच्या जवळ वेल्ह्याकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. शहरातून कृत्तिकांचा नुसता धूसर पुंजका दिसायचा, तिथे धाकट्याने सहा मोजले आणि थोरलीने सात. रोहिणीचा लालसर रंग, मृगातल्या काक्षीचा तांबडा आणि राजन्याचा पांढरा, मध्यरात्रीनंतर दक्षिणेला अगस्ती. दुर्बिणीतून, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावायच्या साध्या दहा बाय पन्नासच्या, गुरूचे चंद्र दिसले, तेव्हा गुरू मिथुनेत होता आणि रात्रभर दिसत होता.

अभ्यास म्हणून काय झालं, आणि काही व्यवहाराचं

नातेवाईक विचारतात सिलॅबस कुठे आहे, म्हणून वही उघडून दाखवते. कोन, प्रमाण, आलेख, मोजमापातली त्रुटी, स्केल ड्रॉइंग, अक्षांश-रेखांश, ऋतू, कला, ग्रहण, आजीची मुलाखत मराठीत लिहिलेली. थोरलीने जानेवारी २०२६ पासूनच्या प्रत्येक संकष्टीसाठी आमच्या गच्चीची वेळ काढलेला तक्ता फ्रिजवर लावलाय आणि सासूबाई आता नैवेद्याचं ताट त्या तक्त्याप्रमाणे वाढतात, कॅलेंडरप्रमाणे नाही. दोन-तीन मिनिटं इकडे तिकडे होतात. टॉवरवर नवीन टाकी बसलीय, तेवढा भाग परत मोजायचाय.

टेलिस्कोप आम्ही अजून घेतलेला नाही आणि पहिल्या वर्षी कुणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्तातल्या टेलिस्कोपचा स्टँड हलतो, मुलाला काही सापडत नाही आणि ते त्याला स्वतःचं अपयश वाटतं. शनी बघायचा होता तेव्हा आम्ही पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला गेलो, ही संस्था १९४४ पासून हौशी मंडळींसाठी काम करतेय. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसणारी झाली होती, असं साधारण पंधरा वर्षांनी होतं, त्यामुळे वर्षअखेरीलाही ती एक बारीक रेघच होती आणि धाकट्याने चित्रात तशीच काढली. चित्रं बघून त्याला मोठ्या कड्यांची अपेक्षा होती, तर पुढची काही वर्षं दर हिवाळ्यात त्याच पानावर नवीन चित्र काढायचं ठरलंय, कडी उघडत जाईल तशी. मुंबईकडच्यांना खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम आहेत, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी उघडी असते, खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, मुलांना एकदा तरी त्यातल्या एकीजवळ उभं करा.

कुणाला हेच करून बघायचं असेल तर सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संकष्टीला करा, आकाश स्वच्छ असतं आणि चंद्र लवकर येतो, लहान मूल जागं राहतं. घरात संकष्टी नसेल तर पौर्णिमेनंतरचे लागोपाठ चार दिवस घ्या. कोकणात पश्चिमेला समुद्र असतो आणि पूर्वेला सह्याद्री, तिथे चंद्रोदयाऐवजी शुक्ल पक्षातला चंद्रास्त मोजा, छापलेली वेळ आणि तुमची वेळ जवळजवळ एकच येईल. आणि वहीत ढगाळ दिवसही लिहा, रिकामे सोडू नका, आमच्या वहीत त्यांच्यामुळेच पावसाळा कधी आला आणि कधी गेला तेही दिसतंय.